काचपेटीतली इंगळी

त्या पावसाळ्यात माझी आई घरात गमबूट घालून वावरायची. बाबा विजेच्या खात्यात वायरमन होते. कर्जतपासून खालापूरपर्यंतच्या खांबांवर त्यांचं काम चालायचं. पावसाळी कामासाठी मिळालेले ते काळे, पोटरीपर्यंतचे बूट त्यांनी आईला देऊन टाकले आणि स्वतः ठिगळ लावलेली जुनी जोडी घालून जायला लागले. आईची पावलं लहान. बुटांत चिंध्या कोंबल्या तरी ते सारवलेल्या जमिनीवर फटक फटक वाजायचे. एरवी कडावच्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती काथवटीत पीठ मळताना वाजणाऱ्या बांगड्यांनी आणि चरवीत पडणाऱ्या म्हशीच्या धारेने. त्या वर्षी मात्र डोळे उघडले की पहिला आवाज बुटांचा. खाटेवरून आई थेट बुटांत पाय घालायची, चुलीपाशी जाऊन पाट आपटून उलटासुलटा करून बघायची आणि मगच त्यावर बसायची. तांदळाच्या भाकऱ्या थापून झाल्या, सुकटीचं कालवण उतरवलं, की परत खाटेवर. खाटेच्या पायांखाली पाण्याचे डबे ठेवलेले होते. उरलेला दिवस ती भिंतीला टेकून बसून काढायची. पाणी, जळण, म्हशीचं सगळं मी बघायचे. गावातल्या बायका आधी विचारपूस करायला येत होत्या, नंतर बूट बघायला यायला लागल्या.

झालं होतं ते असं. वैशाखात, आगोटीचं, पावसाळ्यासाठी साठवायचं जळण पडवीत रचताना तिच्या पायाच्या अंगठ्याला लाल विंचू चावला. आमच्याकडे विंचू चावणं नवं नव्हतं. कुणी कांदा चोळायचं, कुणी मंत्र घालायचं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागायचा. पण आईला घाम सुटला तो थांबेना. ओकाऱ्या झाल्या, हातपाय गार पडले, ओठ निळे दिसायला लागले. बाबांनी तिला टेंपोत घालून कर्जतच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. घरी आली तेव्हा अंगावरचं लुगडं खांबाला गुंडाळल्यासारखं दिसत होतं. ताकद हळूहळू भरून आली, पण पाय भुईला लागेना. "खाली पाय टाकला का अंगठा ठणाकतो," एवढंच ती सांगायची. डॉक्टरांना अंगठ्यात काही दिसत नव्हतं. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात सगळ्यांच्या पुढे असणारी माझी आई, जिने उकिरड्यावर टाकलेली काडीसुद्धा जगवली असती, ती खिडकीतून दुसऱ्यांची आवणं, भाताची खाचरं, हिरवी होताना बघत बसायची. अंगणातला तिचा अळू, पानओवा, गवती चहा गवताने गिळून टाकला.

आषाढात आत्या आली. बाबांची थोरली बहीण, खालापूरकडे दिलेली, सगळ्या घराण्यात तिचा शब्द चालायचा. वाईट बाई नव्हती ती. आल्या आल्या तिने घर झाडून काढलं, आईच्या डोक्याला तेल घातलं आणि जेवणं झाल्यावर बाबांना बाजूला घेतलं. मी गोठ्यात होते, कुडापलीकडून सगळं ऐकू आलं. "सुमनला शेलूला, तिच्या म्हायेराला पोचव," आत्या म्हणाली. "बरी झाली का आनू. तवर मंगल घर बघंल. नववीपातूर शिकली, पोरीला तेवढं पुष्कळ हाय." बाबा म्हणाले, "गौरीपर्यंत बघू, आक्का." त्यांच्या आवाजावरून मला कळलं की गौरीनंतर बघण्यासारखं त्यांच्याकडेही काही नाही. मी शेणाची पाटी तशीच खाली ठेवली. शाळा सोडायची नाही आणि आईला कुठे जाऊ द्यायचं नाही, हे माझ्या मनाने तिथेच धरलं. कसं करायचं ते काही सुचत नव्हतं.

ते सुचलं एका दगडाखाली. गावामागच्या टेकडीवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला मी जळण आणायला गेले होते. एक सपाट दगड पायाने सरकला आणि खाली बिळाच्या तोंडाशी इंगळी, डोंगरातला मोठा विंचू, बसली होती. काळी, थोडी हिरवट झाक असलेली, माझ्या तळहाताहून लांब, पुढच्या नांग्या खेकड्यासारख्या फुगीर. पोट चांगलंच तट्ट होतं. माझ्या हातात कोयता होता. आईसारखीच मीही भ्यालेली होते, फक्त मला खाटेवर बसायची सोय नव्हती. पण इंगळी माझ्याकडे आली नाही. ती मागे मागे सरकत बिळात गेली आणि नांग्या दारात आडव्या धरून राहिली. घर अडवून बसलेली बाई दिसावी तशी. मी कोयता खाली केला.

शाळेत आम्हाला शास्त्र शिकवायला एक बाई होत्या, त्यांना मी विचारलं. त्यांनी सांगितलं की लाल विंचू दिसायला लहान पण जिवाला धोका त्याचाच. डोंगरातली ही काळी इंगळी दिसते भयंकर, चावली तर दुखेल खूप, पण तिचं विष त्या मानाने सौम्य. त्यांनी हेही बजावलं की हातात घ्यायची नाही आणि एकटीने काही करायचं नाही. मी एकटीने केलं नाही. रविवारी बाबांना घेऊन टेकडीवर गेले. आईला रोज, काचेआडून, विंचू बघायला लावायचा, म्हणजे तिची भीती जरा तरी खाली बसेल, असं मी त्यांना वाटेत सांगितलं. बाबा कमी बोलणारे. दगडाशी उकिडवे बसून त्यांनी इंगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "झाकन मी करीन. आन ते माज्याशिवाय कुनी उघडायचं नाय." दुसऱ्या आठवड्यात कुंभिवलीच्या एका चहावाल्याकडून त्यांनी खारी-नानकटाई ठेवायची जुनी काचपेटी आणली. सायकलच्या कॅरियरला बांधून, चढावर ढकलत. वर बारीक जाळीचं झाकण, कडी आणि कुलूप बसवलं, आणि मग लांब चिमट्याने इंगळीला मडक्यात घालून घरी आणली.

पेटी मधल्या घरात पूर्वेच्या खिडकीखाली, लाकडी खोक्यावर ठेवली. आत काय आहे हे कळल्यावर आईने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी तिने बाबांना विचारलं, "मला मारायचीच व्हती तं दवाखान्यात कशाला नेलं?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर पेटी त्याच संध्याकाळी परत गेली असती. मी बोलले नाही. भाकरी कुस्करून तिच्या तोंडाशी नेली. तिने दोन घास घेतले, माझ्याकडे न बघता. आता या वयात मला वाटतं, तेवढा हट्ट करायला तेवढंच लहान असावं लागतं.

नुसत्या मातीत इंगळी सुकेल, तिला ओल पाहिजे, आडोसा पाहिजे, आणि ओल धरून ठेवायला झाडं पाहिजेत, हे बाईंनी सांगितलं होतं. कुठली, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी आधी दगड पेटीच्या तळालाच टेकवून बसवला, कारण मातीवर ठेवला तर ती खालून उकरणार आणि दगड तिच्याच अंगावर बसणार. मग ओढ्याकाठची माती दाबून भरली. झाडं म्हणून पहिल्यांदा कोरफड लावली. तिच्या कडेचे काटे बघून मलाच बरं वाटेना, आणि ओल्या मातीत ती आठवड्यात बुडाशी सडली. मग बांधावरची रुईची कोवळी फांदी आणली. ती मोडताना बोटांवर पांढरा चीक आला. मी पेटीशी वाकलेली, झाकण धरून बाबा उभे, आणि मागून खाटेवरून आवाज आला, "मंगल, हात धू आधी. तो चीक डोळ्यात गेला तं आंधळी व्हशील." मी वळून बघितलं तर आई आमच्याकडे तोंड करून बसली होती. मी हात धुतले. परत आले तेव्हा ती म्हणाली, "आन तिलाबी चिकाचं झाड कशाला? ती काय पळून जानार हाय का त्याच्यापासून?"

तिसऱ्यांदा मी शेजारच्या आवणाच्या बांधावरून छान हिरवा माका उपटून आणला. या वेळी आईने आपणहून विचारलं, कुठून आणलास. मी सांगितलं. तिने डोकं हलवलं. त्या आवणात किडीची पावडर मारली होती, तिने खिडकीतून बघितलं होतं. पानावरची पावडर आम्ही पेटीत टाकलेले रातकिडे खाणार आणि ते रातकिडे इंगळीच्या पोटात जाणार. मी माका बाहेर फेकला. "मग काय लावू?" असं विचारलं तर ती जणू स्वतःशीच सांगायला लागली: ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथं कुणाचं शेत नाही, तिथला बारका नेचा आण, मुळाच्या मातीसकट. विहिरीच्या कठड्याचं शेवाळ आण, पण धुण्याच्या दगडाजवळचं नको, त्याला साबण असतो. काटा नको, चीक नको, घाण वास येणारं काही नको. आणि नेचा मोकळ्या मातीत लावू नको, संक्रांतीच्या सुगडात लाव आणि सुगड मातीत पूर. म्हणजे पाणी सुगडात राहील, तिच्या बिळात जाणार नाही. मी आणि बाबा ऐकत उभे होतो. वैशाखापासून ती एका दमात एवढं बोलली नव्हती.

नेचा लागला, शेवाळ धरलं, आणि प्रश्न आला उजेडाचा. झाडांना उजेड हवा आणि इंगळीला अंधार. पेटी खिडकीखाली होती म्हणून नेच्याला आभाळाचा मऊ उजेड मिळायचा, पण इंगळी दिवसभर दगडाखाली. दिसणारच नसेल तर आणली कशाला? बाबांनी दिवेलागणीला पेटीच्या वर चाळीसचा बल्ब टांगला. आमच्या घरात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते, एवढा उजेड विंचवासाठी लावलेला बघायला शेजारच्या ताराकाकी दारात येऊन उभ्या राहिल्या. इंगळी बिळाबाहेर आली नाही आणि शेवाळाच्या कडा तांबूस व्हायला लागल्या. बल्बची धग जाळीतून आत जात होती. मग त्यांनी झिरोचा बल्ब आणला, तो पेटीच्या बाहेर, काचेपासून हातभर लांब बांधला, आणि आकाशकंदिलाचा उरलेला लाल कागद मध्ये ताणून लावला. त्या मंद लाल उजेडात, आम्ही जेवायला बसलो असताना, दगडाखालून आधी एक नांगी आली, मग दुसरी. तिला या उजेडाचं काही वाटत नसावं. नेच्याखालून ती सावकाश फिरली, सुगडाच्या कडेवर नांगी टेकवली आणि बाटलीच्या झाकणात ठेवलेलं पाणी प्यायली. आईच्या हातातला घास हातातच राहिला होता. तिने नजर काढली नाही. "पानी पिती," ती म्हणाली.

मागे माझ्या एका नातेवाइकाच्या मुलाकडे सरडा पाळलेला बघितला. पेटीत उष्णता मोजायला यंत्र, दिवसाचा दिवा वेगळा, रात्रीचा वेगळा, सगळं बटणावर. मुलाने फार कौतुकाने दाखवलं आणि मीही कौतुकाने बघितलं. आमच्याकडे बाबांचा हात काचेला लावून बघणं हेच यंत्र होतं. आज मी डोंगरातला जीव असा उचलून आणणार नाही, कुणाला आणूही देणार नाही. पण त्या लाल उजेडात आमची जेवणं पुन्हा सुरू झाली हे खरं आहे. आधी आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत जेवत होतो.

श्रावणात इंगळी चार-पाच दिवस दगडाखालून आलीच नाही. मेली असेल म्हणून मी घाबरले. मग एका संध्याकाळी ती आली तेव्हा पाठ पांढरी दिसत होती. आधी वाटलं, बुरशी. बाबांनी कंदील जवळ धरला आणि ती पांढरी गोष्ट हलली. तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं, एकावर एक, पाठभर. आई खाटेच्या अगदी कडेला सरकली होती. "बाळंतीन झाली का गं?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या सूचना वाढल्या. रातकिडा मोठा टाकू नको, तिच्या अंगाशी झटेल. शेवाळावर पाणी शिंपड. म्हशीला हाक मारायची तर बाहेर जाऊन मार. चुलीपुरतं सोडलं तर खाटेवरून ती मात्र उतरत नव्हती. बुटांशिवाय तर नाहीच. भाद्रपद जवळ येत होता, आणि आत्याचा निरोप आला होता की गणपतीआधी येते.

त्या शनिवारी बाबांच्या बुटाचं ठिगळ सुटलं. लाइन कुठे तरी तुटली होती, त्यांना निघणं भाग होतं. "मी येईपातूर खाटंवरच बस," असं आईला सांगून ते तिचे बूट घालून गेले. मी सकाळच्या शाळेला गेले. किती तरी दिवसांनी त्या सकाळी आभाळ स्वच्छ उघडलं. एसटीतून दोन्ही बाजूंची आवणं अशी चमकत होती की डोळे मिटावे लागले. मला छान वाटत होतं. पेटी आम्ही भर पावसाळ्यात तिथे ठेवलेली होती, खिडकीतून ऊन कुठवर येतं हे तेव्हा बघायला ऊनच नव्हतं. माझ्या मनात ते आलंच नाही.

शाळा सुटल्यावर घरी आले तर खाट रिकामी होती. आई खिडकीशी उभी होती, पाठमोरी, पेटीला पोट टेकवून. तिने दोन्ही हात वर करून गोधडी खिडकीच्या गजांवर धरून ठेवली होती. पाय उघडे होते, सारवणावर सपाट टेकलेले. खाटेच्या पायाखालचा एक डबा पेटीशी रिकामा पडला होता आणि खाटेपासून खिडकीपर्यंत पाणी सांडलं होतं. पेटीत शेवाळ भिजून काळं झालं होतं आणि नेच्याच्या सावलीत, सुगडाला चिकटून, इंगळी पाठीवरच्या पोरांसकट गप्प बसली होती. आईने मान वळवली.

"नुस्ती बघत काय उभी ऱ्हायलीस?" ती म्हणाली. "दोरी आन."

गोधडी बांधली, मगच ती खाली बसली. जमिनीवरच बसली. मग तिने सांगितलं. उन्हाचा पट्टा भिंतीवरून उतरत पेटीवर आला. इंगळी भर उजेडात बाहेर आली आणि काचेच्या कडेकडेने पळायला लागली, पिल्लं एका अंगाला घसरत होती. आईने ताराकाकींना हाका मारल्या, पण सगळं गाव शेतावर. आधी तिने खाटेवरून बाबांचा सदरा फेकून बघितला, तो अर्ध्यातच पडला. "मंग काय करनार व्हते? भाजली असती गं ती पोरांसंगट." खाली पाय टाकताना अंगठा ठणकला का, असं मी विचारलं. तिने अंगठ्याकडे बघितलं. "ठनकला," ती म्हणाली. "ऊन काय त्याच्यासाठी थांबनार व्हतं?" संध्याकाळी बाबा आले. आई चुलीशी अनवाणी बसलेली त्यांनी बघितली. बूट त्यांनी दारातच काढले, धुतले, खाटेपाशी नेऊन ठेवले आणि पेटी खिडकीपासून लांब सरकवली. मग म्हशीचं दूध काढायला जातो म्हणून गोठ्यात गेले. दूध मी मघाच काढलेलं होतं.

आत्या आली ती आईचं बोचकं बांधायच्या तयारीने. उंबऱ्यात आली आणि तिला पेटी दिसली. ती तिथूनच मागे फिरली आणि पडवीतल्या खांबाला धरून उभी राहिली. आई खाली बसून अळू चिरत होती. अळू तिच्याच अंगणातला, गवत काढून तिने पुन्हा वर आणलेला.

"आत या वन्सं," आई म्हणाली. "ती काचंत हाय."

"सुमन, तू चल बाय माज्यासंगती, शेलूला सोडते तुला," आत्या पडवीतूनच म्हणाली. तिचा आवाज खरोखर काकुळतीचा होता.

आईने विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि उठून उंबऱ्यापर्यंत गेली. "मी कुठं जात नाय वन्सं. माजं घर हाय, मी बघंन. आन मंगल शाळंत जाईल. पुढची परीक्षाबी देईल." आत्याने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "ती सांगती तसं." आत्या जेवली, पण पडवीत, पाय वर घेऊन. जाताना आईच्या उघड्या पायांकडे बघून तिला भरून आलं. तिने आईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि पेटीकडे न बघता एसटीला गेली.

आईची भीती गेली असं मी म्हणणार नाही. जन्मभर तिने प्रत्येक जळणाचं लाकूड आपटून उचललं, आमच्या चपला झटकल्याशिवाय घालू दिल्या नाहीत, आणि लाल विंचू दिसला तर क्षणभरही दया केली नाही. बूट मात्र बाबांना परत मिळाले. मी पुढे शिकले, शास्त्र विषयातच शिकले, आणि मास्तरीण झाले. मुलांना विंचू शिकवताना लाल आणि काळा यांतला फरक आधी सांगायचे, बाकी सगळं नंतर.

पिल्लं पाठीवरून उतरून काळवंडायला लागली तेव्हा आईच म्हणाली की आता यांना इथे जागा पुरणार नाही. गौरी जेवून गेल्यावर एका सकाळी आम्ही दोघी टेकडीवर गेलो. बाबांनी झाकण उघडून सगळ्यांना मडक्यात घालून दिलं होतं. मडकं माझ्याकडे, आई पुढे, काठीने गवत बाजूला सारत. तोच दगड शोधला. मडकं आडवं केलं. इंगळी बाहेर आली, थोडा वेळ थांबली, मग नांग्या पुढे धरून दगडाखाली शिरली. पिल्लं एकेक करून मागे गेली. शेवटचं आत जाईपर्यंत आई काठीवर हनुवटी टेकून उभी होती.

उतरताना आवणाच्या बांधावर ताराकाकी भेटल्या. एवढ्या सकाळी मायलेकी कुठून आलात, असं त्यांनी विचारलं.

"बाळंतपनाला आलेली एक व्हती," आई म्हणाली, "तिला घरी पोचवून आलो." आणि कोण, कुठली, हे काकींनी विचारायच्या आत ती बांधावरून पुढे निघाली.